कपाशीला भेंडीची पाने : बांधावरचा वाद आणि त्यामागचे रसायन

लागवडीला दीड-दोन महिने झालेले असतात. कपाशी गुडघ्याच्या वर आलेली, पात्या धरू लागलेली. आणि एका सकाळी शेंड्याकडची पाने ओळखूच येत नाहीत. खालची पाने नेहमीसारखी रुंद, वरची मात्र चिरलेली, बोटांसारखी लांबट, शिरा उठून दिसणाऱ्या. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, कपाशीच्या ओळीत कुणी भेंडी लावली आहे. शेतकरी खाली वाकून मावा-तुडतुडे शोधतो, काही सापडत नाही. मग त्याची नजर बांधापलीकडे जाते. चार-आठ दिवसांपूर्वी शेजाऱ्याने मक्यात तणनाशक मारले होते, हे त्याला आठवते. तिथून पुढे जे सुरू होते ते शेतीशास्त्राच्या पुस्तकात नसते.

जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या नशिराबादेपासून भादली, असोद्यापर्यंतचे शिवार असो, की तापीपलीकडचा यावल-रावेरचा पट्टा. खान्देशात शेते लहान आहेत आणि पिके शेजारी-शेजारी. एका बांधाला कपाशी, दुसऱ्याला मका, तिसऱ्याला केळी. पाण्याची पाळी, बैलगाडीची वाट, सामाईक विहीर, बांध कोरणे ही भांडणाची जुनी कारणे. गेल्या काही वर्षांत त्यांत एकाची भर पडली : ‘टू-फोर-डी’. मजुरी परवडत नाही, निंदणीला बाया मिळत नाहीत, म्हणून तणनाशकाचा वापर वाढला. ते मारणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. त्याच्यापुढेही दुसरा सोपा रस्ता उरलेला नाही. पण नुकसान मात्र होते ते ज्याने काहीच मारलेले नाही त्याचे.

गंमत अशी, की कपाशीला ‘भेंडीची पाने’ फुटली हे वर्णन अगदीच वावगे नाही. कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली झाडे. अमेरिकेतला कपाशी उत्पादकही या विकृतीला भेंडीचीच उपमा देतो.

वाढीचा खोटा हुकूम

झाड वाढते ते आतल्या संप्रेरकांच्या हुकमाने. त्यांतले मुख्य म्हणजे ऑक्झिन. खिडकीतली कुंडी उजेडाकडे वाकते ती त्याच्यामुळेच. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून दाखवले, की उजेड ‘कळतो’ शेंड्याला आणि वाकतो मात्र त्याखालचा भाग. म्हणजे शेंड्याकडून काहीतरी निरोप खाली जातो. तो निरोप एका रसायनाचा आहे हे पुढे १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने सिद्ध केले. १९४० च्या दशकात, महायुद्धाच्या गुप्ततेत, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या ऑक्झिनची नक्कल करणारी रसायने शोधली. त्यांतलेच एक २,४-डी. १९४५ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आले आणि रुंद पानांचे तण निवडून मारणारे ते पहिले मोठे रासायनिक हत्यार ठरले.

ते विष म्हणून झाडाला जाळत नाही. ते झाडाला वाढण्याचा खोटा हुकूम देते. खरे ऑक्झिन काम झाले की झाड मोडून टाकते. २,४-डी मात्र रुंद पानांच्या झाडाला सहजी मोडता येत नाही. हुकूम चालूच राहतो. पेशी वेड्यावाकड्या वाढतात, देठ पिळवटतात, अन्नवाहिन्या बंद होतात आणि तण मरते. मका, ज्वारी, गहू, ऊस ही गवताच्या कुळातली पिके या रसायनाचे लवकर विघटन करतात, ते आत फार पसरूही देत नाहीत, म्हणून तगतात. झाडाला ऑक्झिन नेमके कळते कसे, त्याचा स्वीकारक कोणता, हे मात्र २००५ मध्ये उलगडले. म्हणजे साठ वर्षे जगभरचे शेतकरी जे फवारत होते, त्याचे कुलूप कोणते हे कुणालाच ठाऊक नव्हते.

कपाशी या रसायनाला विलक्षण हळवी आहे. द्राक्ष, टोमॅटो, वांगी, भेंडीही तशीच, पण कपाशीची गोष्ट वेगळी. शेतात मारण्याच्या मात्रेचा हजारावा भाग अंगावर पडला तरी तिच्या नव्या पानांवर खुणा उमटू शकतात. हजारावा भाग म्हणजे किती? समजा १५ लिटरच्या पंपात ४० मिली औषध घातले. त्याचा हजारावा भाग ०.०४ मिली. सलाईनच्या वीस थेंबांचा एक मिली होतो; म्हणजे हा एका थेंबापेक्षाही कमी. पंधरा लिटर पाण्यात एक थेंब.

या एका थेंबावरून सख्ख्या भावांत बोलणे बंद होते.

वारा पडला म्हणजे झाले, असे नाही

तणनाशक बांध ओलांडते ते दोन प्रकारे. एक, थेंबांच्या रूपाने. फवाऱ्यातून निघणारे सगळे थेंब सारखे नसतात. १०० मायक्रॉनचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा थेंब तीन मीटरवरून खाली यायला दहा सेकंद घेतो. २० मायक्रॉनचा थेंब तेवढ्याच उंचीवरून यायला चार मिनिटे घेतो. चार मिनिटांत हलकी झुळूकही त्याला दोन-तीन शेते पलीकडे नेते. म्हणून कीटकनाशकासाठीचा बारीक धुके सोडणारा नोझल तणनाशकाला वापरू नये, पट्टा किंवा कट नोझल वापरावा, दाब कमी ठेवावा, नोझल जमिनीजवळ धरावा, असे सांगतात. पेट्रोलवर चालणारे पॉवर पंप आले तसे काम झटपट होऊ लागले, पण दाब वाढला की थेंब बारीक होतात हे विसरले गेले. ड्रोनचे आता कौतुक आहे. पण ड्रोन माणसाच्या डोक्यावरून फवारतो. कपाशीच्या शिवारात २,४-डी ड्रोनने मारणे म्हणजे शेजाऱ्याशी भांडण आकाशातून ओढवून घेणे.

दुसरा प्रकार अधिक फसवा. २,४-डी बाजारात वेगवेगळ्या रूपांत मिळते : सोडियम क्षार, अमाइन क्षार आणि इथाइल ईस्टर. यातले ईस्टर बाष्प होऊन उडते. फवारणी व्यवस्थित झाली, एक थेंबही बांधापलीकडे गेला नाही, तरी दुपारच्या उन्हात पानांवरून, मातीवरून त्याची वाफ उठते आणि वाऱ्याबरोबर सरकते. पावसाने आठ दिवस दडी मारली की खान्देशातले ऊन कसे तापते हे सांगायला नको. दुकानात ‘टू-फोर-डी द्या’ म्हटले की हाती येणारा डबा कोणत्या रूपाचा आहे, हे लेबलवर लिहिलेले असते. ते वाचले जात नाही, कारण अक्षर बारीक असते आणि दुकानदार घाईत असतो.

एक समजूत मात्र अनुभवी शेतकऱ्यांचीही चुकते. वारा अगदी पडलेला असताना फवारावे, असे अनेकांना वाटते. संध्याकाळी सूर्य कलल्यावर किंवा पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. वरच्या हवेचे झाकण बसल्यासारखे होते. अशा वेळी चुलीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरलेला दिसतो. तणनाशकाचे सूक्ष्म थेंब आणि वाफही तशीच आडवी तरंगत राहतात, आणि झुळूक आली की एकगठ्ठा कुठेतरी जाऊन बसतात. त्यापेक्षा सकाळी ऊन थोडे वर आल्यावर, शेजाऱ्याच्या कपाशीकडून आपल्याकडे येणारा मंद वारा असताना फवारणे अधिक सुरक्षित. चिमूटभर माती हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहणे एवढे साधन त्याला पुरते.

आरोपी नेहमी शेजारीच असतो का?

इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते. कपाशीवरच्या या विकृतीची पुष्कळ प्रकरणे वाऱ्याने नव्हे, तर पंपाने घडतात. स्वतःच्याच पंपाने.

हिशेब पाहा. मक्यात तणनाशक मारून झाले, पंप ओतून टाकला. टाकीच्या तळाशी, नळीत, दांडीत मिळून १०० मिली पाणी राहिले. चार दिवसांनी त्याच पंपात १५ लिटर पाणी भरून कपाशीवर मावा-तुडतुड्यांचे औषध मारले. १०० मिली म्हणजे १५ लिटरचा दीडशेवा भाग. कपाशीला हजाराव्या भागाने इजा होते, आणि इथे तर त्याच्या सहापटीहून जास्त. पंप एकदा खंगाळून भागत नाही. रबरी नळी, वायसर, गाळणी यांत रसायन मुरते, विशेषतः ईस्टर. साबणाच्या किंवा धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने अनेकदा धुवून, नळीतून ते पाणी सोडून, रात्रभर भिजत ठेवून पुन्हा धुवावे लागते. त्यातही खात्री नाही. औषध मोजायचे झाकण, पाणी ढवळायची काठी, शेताच्या कडेचा निळा बॅरल, यांतूनही ते येते. फवारणीचे काम आता ठेक्याने होते. मजूर आपलाच पंप घेऊन येतो. काल तो कुणाच्या मक्यात होता, हे कपाशीवाला विचारत नाही.

आणि पंप उसना आणलेला असला तर? मग ज्याच्याकडून आणला त्याच्याच नावाने बोटे मोडली जातात.

वाऱ्याने आले की पंपातून, हे बऱ्याच वेळा शेतच सांगते. वाऱ्याने आलेले असेल तर बांधालगतच्या ओळी सर्वांत जास्त बिघडलेल्या असतात आणि आत जाऊ तसे प्रमाण कमी होत जाते. मधल्या शेवरीच्या किंवा तुरीच्या ओळीआड कपाशी वाचलेली दिसते. दुसऱ्या शेजाऱ्याच्या कपाशीतही, त्याच दिशेला, खुणा सापडतात. बांधावरच्या रानभेंडीची पानेही वळलेली असतात. पंपातून आलेले असेल तर चित्र उलटे. बांधाचा संबंध नसतो. जिथून पहिला पंप मारायला सुरुवात केली तिथे सर्वांत जास्त, दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला कमी, आणि पुढे शेत स्वच्छ. काही वेळा तर पंप बदलला ती ओळ नजरेने दाखवता येते. शेतभर एकसारखी विकृती असेल तर पाण्याच्या बॅरलकडे किंवा औषधाच्या डब्याकडे पाहावे लागते. बियाण्याचा दोष असता तर जुनी पानेही बिघडली असती; रस शोषणाऱ्या किडींनी पाने आकसतात, पण अशी बोटांसारखी चिरत नाहीत.

हे सगळे पाहायचे असते ते पहिल्या आठवड्यातच. पुढे नवी पाने फुटतात, खुणा मिसळतात, आणि भांडणाला पुरावा उरत नाही, फक्त राग उरतो. प्रयोगशाळेत अवशेष तपासता येतात, पण रसायन झाडात आणि मातीत मोडत जाते. मातीत तर काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत ते निम्म्यावर येते. कपाशीला ज्या अत्यल्प मात्रेने इजा होते ती पकडणे सोपे नाही आणि स्वस्तही नाही. मोबाइलवर काढलेले फोटो, ओळी मोजून केलेली नोंद आणि शेजाऱ्याच्या फवारणीची तारीख यांचे वजन त्यामुळे जास्त.

दाद कुठे मागायची

पीक विम्याकडून आशा नको. पंतप्रधान पीक विमा योजनेत टाळता येण्याजोग्या कारणांनी झालेले नुकसान धरत नाहीत. शेजाऱ्याचे तणनाशक त्यातच मोडते. १९६८ चा कीटकनाशक कायदा तणनाशकांनाही लागू आहे. उत्पादन, विक्री, लेबल, भेसळ यांवर त्याची पकड आहे. पण शेतकऱ्याने आपल्या शेतात कसे फवारावे आणि बांधापलीकडे गेले तर भरपाई कुणी द्यावी, याची सोपी वाट त्यात नाही. ग्राहक आयोगात कंपनीविरुद्ध जाता येते, शेजाऱ्याविरुद्ध नाही. त्याने काही विकलेले नसते. उरतो दिवाणी दावा. एक-दोन एकर कपाशीसाठी दिवाणी दावा म्हणजे काय, हे खान्देशातल्या कुणालाही वेगळे सांगावे लागत नाही. बियाणे-खते-कीटकनाशकांच्या तक्रारींसाठी तालुकास्तरावर समिती असते. तिच्याकडे अर्ज केला तर कृषी विभागाचे आणि विद्यापीठाचे तज्ज्ञ शेतात येऊन पंचनामा करतात. भरपाई मिळो न मिळो, नुकसान वाऱ्याने की पंपाने, यावर तिऱ्हाईताचे मत कागदावर येते. ममुराबाद किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात फोटो आणि बिघडलेला शेंडा घेऊन जाणे त्याहून लवकर होते.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गावच्या समितीपुढे यायचे ते बांधाचे, वाटेचे, पाण्याचे तंटे. समितीतल्या जाणत्यांना मोजणीचा नकाशा वाचता येतो. भेंडीच्या पानांसारखी कपाशी वाचता येणे ही आता त्यांची गरज झाली आहे.

हे दुखणे खान्देशपुरते नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये भाताच्या शेतांवर विमानातून २,४-डीची भुकटी टाकली गेली आणि कित्येक मैलांवरची कपाशी बिघडली. बाजारात येऊन चार वर्षेही झाली नव्हती. अलीकडची गोष्ट अधिक कटू आहे. डायकाम्बा हे २,४-डीच्याच जातीचे दुसरे तणनाशक. त्याला दाद न देणारे सोयाबीन आणि कपाशीचे बियाणे अमेरिकेत आले आणि शेजारच्या साध्या सोयाबीनची पाने पेल्यासारखी वळू लागली. एकट्या २०१७ मध्ये सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला इजा झाल्याचा अंदाज तिथल्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी मांडला. त्याच्या आदल्या वर्षी आर्कान्सामध्ये याच वादातून एका शेतकऱ्याचा गोळी घालून खून झाला. न्यायालयाने या तणनाशकाची परवानगी दोनदा रद्द केली, २०२० मध्ये आणि २०२४ मध्ये. दरम्यान अनेकांनी वेगळाच मार्ग काढला : शेजाऱ्याचे औषध आपल्यावर येणारच, तर आपणही तेच महागडे बियाणे लावावे. २,४-डी सोसणारी कपाशीही तिथे आली आहे. भारतात अशा कपाशीला मंजुरी नाही. म्हणजे इथे औषध आहे आणि त्यापासून वाचणारे बियाणे नाही. तसे बियाणे असावे का, हा पुन्हा वेगळा आणि लांबचा वाद.

माणसांचे काय? २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ती कीटकनाशके होती. २,४-डीची त्यांच्याशी गल्लत करू नये. व्हिएतनाम युद्धातल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये हे रसायन होते हे खरे, पण त्यातले कुप्रसिद्ध डायॉक्सिन आले ते त्याच्या जोडीच्या २,४,५-टीतून. तरीही हे निरुपद्रवी पाणी नाही. डोळ्यांत उडाले तर तीव्र दाह होतो, कातडीतून ते शरीरात शिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले. तो गट पुराव्याच्या दृष्टीने कच्चा, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला त्यांत २,४-डीही होते. पुढे बंदी आली ती मोजक्याच रसायनांवर आणि हे त्यांत नव्हते. बांधापलीकडे निंदणीला बसलेल्या बायांना फवाऱ्याच्या वाऱ्यात ठेवू नये, हे कळायला कुठल्या वर्गवारीची गरजही नाही. शेजारी कोण काम करतेय ते पाहून पंप चालू करावा.

बिघडलेल्या कपाशीवर उतारा म्हणून दुकानात बाटल्या मिळतात. खरा उतारा नाही. एकदा आत गेलेले २,४-डी कोणतेही टॉनिक बाहेर काढत नाही. बिघडलेले शेंडे खुडावेत, पाण्याचा ताण पडू देऊ नये, युरियाची हलकी फवारणी करावी आणि थांबावे. कपाशी वाढत राहणारे झाड आहे. मात्रा थोडी असेल तर तीन ते सहा आठवड्यांत नेहमीसारखी पाने फुटतात. पाने जेवढी भेसूर दिसतात तेवढे नुकसान उत्पन्नात होतेच असे नाही; याच टप्प्यावर रागाच्या भरात कपाशी मोडून दादर किंवा हरभऱ्याच्या तयारीला लागणारे पुढे हळहळतात. पात्या-फुलांच्या वेळी मार बसला तर मात्र पात्या गळतात, बोंडे उशिरा लागतात, आणि उशिराच्या बोंडांवर गुलाबी बोंडअळी टपलेलीच असते.

मका-ऊसवाल्याने तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढावा आणि तो कपाशीला कधी लावू नये, हे सगळ्यांत स्वस्त. ईस्टर टाळावे. बांधालगतच्या चार-पाच ओळी तणनाशकाविना सोडून त्या खुरपून घ्याव्यात. आणि आदल्या संध्याकाळी एक फोन : ‘भाऊ, उद्या सकाळी मक्यात मारणार आहे, वारा तुमच्याकडे असला तर थांबतो.’ त्यावर पलीकडून बहुधा एवढेच उत्तर येते, की आमच्या बाया दुपारपर्यंत तिकडच्या अंगाला निंदायला बसणार आहेत, त्या उठल्या की कळवतो.